माळ्यावर सीलबंद खोकी रचून ठेवणाऱ्या तमाम लेगोवाल्यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

पत्र थेट तुम्हालाच लिहितोय. तुम्ही म्हणजे पस्तिशी-चाळिशी ओलांडलेले, ईएमआय भरणारे, ऑफिसात सर-मॅडम म्हणवून घेणारे आणि घरी मात्र बेडच्या स्टोरेजमधे, माळ्यावर, कपाटाच्या डोक्यावर लेगोची खोकी रचून ठेवणारे लोक. आणि खोकी म्हणजे न फोडलेली, सील जसंच्या तसं, वरून क्लिंग रॅप गुंडाळलेली, काहींनी तर तो बाहेरचा खाकी पुठ्ठ्याचा शिपिंग बॉक्ससुद्धा जपून ठेवलेला. विचारलं की काय रे, बांधलास का तो, तर उत्तर ठरलेलं, "नाही, ठेवलाय." कशासाठी ठेवलाय म्हटलं की मग "बघू", "रिटायर होईल लवकरच, म्हणजे कंपनी तो बनवणं बंद करेल", "पोरगा मोठा झाला की", "नवीन घरात गेलो की".

आधीच सांगतो, सेट बांधून शोकेसमधे ठेवणाऱ्यांशी माझं काही भांडण नाहीये. एकदा बांधला, परत कधी उचकटला नाही, ठीक आहे, निदान हात तरी लागला त्याला. वर्षाकाठी एखादा छोटा सेट घेऊन तो वाढदिवसापर्यंत राखून ठेवणाऱ्यांशी तर अजिबातच नाही. मी बोलतोय ते "एक बांधायला, एक ठेवायला, एक विकायला" या हिशोबाने तीन-तीन खोकी उचलणाऱ्यांशी, आणि त्यातही गंमत म्हणजे बांधायला घेतलेलं खोकंसुद्धा अजून बंदच असतं त्यांच्याशी.

तुम्ही म्हणाल पैसे आमचे, खोकी आमची, माळा आमचा, तुझ्या पोटात का दुखतंय. दुखतंय त्याचं कारण सांगतो, आणि ते कारण डेन्मार्कात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या लेगोवाल्याला कळणार नाही, आपल्याला कळायला पाहिजे.

तिकडे सुटा ब्रिक मिळतो. लेगोच्या दुकानात भिंतीला डबे लावलेले असतात, कप घ्यायचा, हवे ते पार्ट भरायचे, पैसे द्यायचे. नाहीतर मग ब्रिकलिंक आहेच. २००० साली डॅन जेझेक नावाच्या एका फॅनने एकट्याने ही साइट सुरू केली, आधी नाव ब्रिकबे होतं, मग बदललं. कल्पना इतकी सोपी की जगात कुठेतरी कुणीतरी आपला सेट फोडून त्याचे सुटे पार्ट विकायला लावतो आणि दुसऱ्या देशातल्या माणसाला नेमके डार्क ग्रे रंगाचे एक बाय दोनचे चीज स्लोप, म्हणजे चीजच्या फोडीसारखे तिरके बारीक तुकडे, दोनशे हवे असतात, तो मागवतो. जेझेक २०१० मधे गेला, पुढे ती साइट हातोहात फिरत २०१९ ला लेगो कंपनीनेच विकत घेतली. म्हणजे मोठ्या माणसांचा हा सगळा जो छंद आहे ना, त्याचं पाणी या सुट्या पार्टांवर चालतं. एकाचं फुटलेलं खोकं दुसऱ्याचा कच्चा माल.

आता आपल्याकडे या. २०२० च्या बजेटमधे खेळण्यांवरची बेसिक कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून एकदम ६० वर गेली, २०२३ ला ७० वर. वर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांची क्वालिटी कंट्रोल ऑर्डर लागू झाली, म्हणजे आयएसआय मार्क असल्याशिवाय खेळणं आत यायचं नाही. देशी खेळणीवाल्यांना आधार मिळावा, रद्दी माल येऊ नये हा हेतू मला समजतो, वाईट नाहीये तो, पण आता पोलंडमधल्या एखाद्या माणसाच्या गॅरेजमधून पाव किलो जुन्या राखाडी प्लेट्स मागवायच्या म्हटलं तर त्यावर आयएसआयचा शिक्का कुठून येणार? त्याच ऑर्डरमधे खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू असं लिहिलंय आणि आपल्या मोठ्यांसाठीच्या काळ्या खोक्यांवर कंपनी २०२० पासून ठळक १८+ छापते, पण हा मुद्दा पार्सल अडकल्यावर काउंटरवर जाऊन मांडून बघा, शुभेच्छा.

तर झालंय असं की सेट मिळतात, ऑनलाइन मिळतात, मॉलमधे मिळतात, २०२५ ला गुरुग्रामला पहिलं सर्टिफाइड स्टोअरसुद्धा उघडलं, पण हवा तो पार्ट हव्या त्या रंगात हव्या तेवढ्या संख्येत मिळणं ही आपल्याकडची खरी टंचाई आहे. आणि तो माल देशात नाहीये असं नाहीये. आहे ना. तुमच्या माळ्यावर आहे. लाखांनी पार्ट असतील पुणे-मुंबई-नाशिकच्या घराघरांत, प्लास्टिकच्या नंबर घातलेल्या पिशव्यांत, अंधारात पडलेले.

ज्यांनी फक्त सूचना-पुस्तकातून सेट बांधलेत त्यांना कदाचित वाटेल एवढी कसली गरज सुट्या पार्टांची, तर जरा त्यातलं गणित सांगतो, मला फार आवडतं ते. स्टड म्हणजे ब्रिकच्या डोक्यावरचा गोल उंचवटा, एका स्टडपासून दुसऱ्या स्टडपर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. ब्रिकची उंची ९.६. प्लेटची, म्हणजे पातळ ब्रिकची, उंची त्याच्या बरोबर तिसरा हिस्सा, ३.२. आता पाच प्लेट एकावर एक रचा, उंची झाली १६ मिलिमीटर, आणि दोन स्टडची रुंदी पण १६ मिलिमीटर. याचा अर्थ तुम्ही ब्रिक आडवा करून, स्टड वर न ठेवता बाजूला तोंड करून बसवला तरी तो गपकन जागेवर बसतो, फट राहत नाही. या एका बरोबरीवर आपल्या लोकांचं अर्धं आयुष्य उभं आहे, ज्याला आपण स्नॉट म्हणतो, स्टड्स नॉट ऑन टॉप. दगडी भिंतीचे खाचखळगे, कमान, कातळाचा तिरका कडा, सगळं यातून निघतं. पण त्यासाठी ब्रॅकेट, म्हणजे काटकोनात वळलेले पार्ट, लागतात, बाजूला स्टड असलेले ब्रिक लागतात, आणि ते शेकड्याने लागतात. एका सेटमधून दहा-बारा निघतात. एका माणसाच्या जिवावर हे होत नाही, चार जणांनी आपली खोकी उपडी केली तर होतं.

आणि शक्यता किती याचा अंदाज यावा म्हणून, दोन बाय चारचे सहा ब्रिक, एकाच रंगाचे, ते किती वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात माहितीये? कंपनी पूर्वी १०,२९,८१,५०० सांगायची. मग कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स म्हणाले की थांबा, हा तर फक्त सहाच्या सहा ब्रिक एकावर एक चढवून होणाऱ्या टॉवरांचा आकडा झाला, बुटक्या रचना राहिल्याच की, आणि कॉम्प्युटरवर मोजून त्यांनी सांगितलं, ९१,५१,०३,७६५. सहा ब्रिकचे एक्क्याण्णव कोटी. तुमच्या त्या स्टार वॉर्समधल्या यानाच्या, मिलेनियम फाल्कनच्या, एका खोक्यात ७,५४१ तुकडे आहेत, आणि त्यांचे सध्या एकूण प्रकार किती होतायत, तर एक. बंद खोकं.

बरं, गुंतवणूक. हा विषय काढल्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही हे मला माहितीये कारण दर मीटला कोणीतरी तो रशियन अभ्यास काढतोच. हो, आहे तो अभ्यास. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सवाल्यांनी १९८७ ते २०१५ मधल्या २,३०० पेक्षा जास्त सेट्सच्या किमती तपासल्या आणि सीलबंद सेटचा परतावा सरासरी वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास निघाला. पण त्याच अभ्यासात हेही आहे की काही सेट ६०० टक्के वर गेले आणि काही ५० टक्के खाली आले, हे वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही. तो हिशोब ज्या मार्केटमधला आहे तिथे गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे ड्यूटीसकट फुगलेल्या किमतीला घेतलेलं खोकं तुम्ही विकणार कोणाला, तर आपल्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या ठेवणाऱ्याला, आणि तो ठेवणार आणखी तिसऱ्यासाठी. मुंबईतला स्क्वेअर फुटाचा भाव बघता फाल्कनचं खोकं ज्या जागेवर बसलंय त्या जागेचं भाडं लावलं तर परतावा काय उरतो ते एकदा करून बघा, मी मुद्दाम करत नाहीये, भांडणं होतील.

आणि ताजमहाल विसरलात का? २००८ ला सेट आला होता, ५,९२२ तुकड्यांचा, तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या सेटांपैकी एक. तो बंद झाला आणि पुढची कित्येक वर्षं सीलबंद ताजमहाल म्हणजे या धंद्यातलं सोनं होतं, मूळ किमतीच्या कितीतरी पटीने भाव, लोक स्क्रीनशॉट काढून एकमेकांना दाखवायचे. मग २०१७ च्या शेवटी कंपनीने शांतपणे तोच सेट परत काढला, ५,९२३ तुकडे, एक तुकडा जास्त. जगभरातल्या ठेवणाऱ्यांचे चेहरे काय झाले असतील! भाव धाडकन खाली. मला तर तो एक जादाचा तुकडा म्हणजे चेष्टाच वाटते. त्याच साली फाल्कनचंही तेच झालं, २००७ चा जुना फाल्कन जपून बसलेल्यांच्या समोर त्याहून मोठा नवा फाल्कन येऊन उभा राहिला. ज्यांनी जुना ताजमहाल फोडून बांधला होता त्यांचं मात्र काहीही गेलं नाही. त्यांच्या घुमटाचा व्यास कमी झाला नाही.

आता खोक्याच्या आतलं बोलू. ठेवणाऱ्यांचा समज असा की सील फोडलं नाही म्हणजे वेळ थांबली. नाही थांबत. प्लास्टिकवर ऊन लागलं की पांढरा आणि जुना राखाडी पिवळा पडतो हे आपल्याला माहितीये, म्हणून तुम्ही अंधारात ठेवता, बरोबर. पण स्टिकर शीटचा गोंद अंधारातही वाळतो, मग दहा-पंधरा वर्षांनी स्टिकर काढायला गेलं की कोपऱ्यातून सोलून निघतो. रबर बँड असलेले जुने सेट तर बघायलाच नकोत. आणि ब्राऊन! ठराविक वर्षांतले रेडिश ब्राऊन, डार्क ब्राऊन, डार्क रेड पार्ट काय भानगड आहेत हे वेगळं सांगायला नको, नुसता क्लिप दाबला तरी कट् करून दोन तुकडे. ते पार्ट सीलबंद खोक्यात राहिले म्हणून मजबूत होत नाहीत, आतल्या आत तितकेच ठिसूळ होऊन बसतात. कोणाच्या तरी आयुष्यात एक दिवस येणार की तो वीस वर्षं सांभाळलेलं खोकं फोडेल आणि पहिल्याच पिशवीत त्याला भुगा भेटेल.

हे झालं प्लास्टिकचं. पुठ्ठा तर आपल्या हवेचा जन्मजात शत्रू आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाणे, वसई, पनवेल, रत्नागिरी, कुठेही राहा, पुठ्ठा ओल धरतो, फुगतो, कोपरे सैल होतात, वर करडी बुरशी. सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती थांबते असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणात एक पावसाळा काढावा. कसर लागते, झुरळं गोंद खातात, आणि वाळवी लागली तर खोक्यासकट सूचना-पुस्तक खलास, उरतात फक्त पिशव्या, म्हणजे जे फोडायचं होतं ते वाळवीने फोडून दिलं, आणि "मिंट कंडिशन"चा भाव गेला तो गेलाच.

थोडं मागचं सांगतो, कारण नवीन आलेल्यांना वाटतं मोठ्या माणसांचा लेगो म्हणजे काळी खोकी, २०२० पासून सुरू. असं नाहीये हो. १९५८ च्या जानेवारीत डेन्मार्कातल्या बिलुंडच्या, म्हणजे लेगो कंपनीच्या गावच्या, गॉडफ्रेड क्रिस्टियनसनने आतून नळ्या असलेल्या ब्रिकच्या पेटंटसाठी अर्ज केला, ज्यामुळे ब्रिक घट्ट धरायला लागला, आणि तेव्हाचा ब्रिक आजच्या ब्रिकला अजूनही बसतो. पासष्टच्या वर वर्षं झाली आणि बसतो. पण बरीच वर्षं मोठ्या लोकांनी यात पडावं असं कंपनीला फारसं वाटत नव्हतं, पोरांची वस्तू, पोरांनी खेळावी. मोठे लोक आपले आपण जमले. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमनने १९९५ ला एलड्रॉ नावाचं प्रोग्रॅम लिहून फुकट वाटलं, कॉम्प्युटरवर ब्रिक जोडून बघायला. त्यासाठी त्याला एकेक पार्ट हातात घेऊन मोजावा लागला असणार, खोक्यावरचा फोटो बघून ते होत नाही. दोनच वर्षांनी तो गेला, अगदी तरुण, पण आज आपण जी मॉकची, म्हणजे स्वतःच्या डोक्याने केलेल्या रचनेची, डिजिटल फाइल एकमेकांना पाठवतो तिच्या तळाशी त्याचं काम आहे. जेमी बेरार्ड आधी नुसता फॅन होता, स्वतःच्या रचना घेऊन फॅन लोकांच्या मेळाव्यांना जायचा, तिथून बिलुंडला डिझायनर म्हणून गेला आणि २००७ ला कॅफे कॉर्नर काढला, ज्याच्यापासून ही सगळी मॉड्युलर इमारतींची रांग सुरू झाली. यातला एकही माणूस खोकं न फोडल्याबद्दल प्रसिद्ध नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो बोन्सायचा सेट असेल, नंबर १०२८१. बायकोला लेगो आवडावं म्हणून घेतलेला आणि मग ठेवून दिलेला, खरं सांगा. त्यातला गुलाबी बहर जवळून बघितलाय कधी? ती फुलं नाहीयेत, बेडूक आहेत. एवढे एवढे गुलाबी बेडूक, शंभराच्या घरात, फांद्यांवर बसवलेले, आणि लांबून चेरीचं झाड वाटतं. हा जोक डिझायनरने बांधणाऱ्यासाठी केलाय, दुसऱ्या कोणाला तो दिसणारच नाही, आणि तुम्ही खोक्यावरचा फोटो बघून सोडून दिलात.

आता तुमची उत्तरं. वेळ नाही, हे एकच उत्तर मला पटतं, आणि मला वाटतं खरं तेच आहे, बाकीची त्याच्यावर घातलेली पांघरुणं. दमून घरी यायचं, जेवायचं, कधी बसणार? मग हात चालत नाहीत तेव्हा निदान विकत घ्यायचं, घेतल्याने थोडं बांधल्यासारखं वाटतं. हे मी समजू शकतो. पण मग दुसऱ्याला बांधू द्या की! पोरासाठी ठेवलंय म्हणता, पोरगं आज सात वर्षांचं आहे आणि आज त्याला पाहिजे आहे, ते बावीसचं झाल्यावर त्याला तुमचं खोकं नको असणार, त्याला बाईक पाहिजे असणार. बारीक पार्ट हरवतील म्हणता, हरवतात, सोफ्याखाली सापडतात, एक बाय एकच्या टाइलसाठी एवढा जीव टाकू नका, कंपनी त्या बारीक पार्टांचा एखादा जादा घालूनच देते.

आणि लोक हसतात, एवढा घोडा झाला तरी ठोकळे खेळतो म्हणतात, हे तर मला आपल्या महाराष्ट्रात कोणी म्हणूच नये असं वाटतं. दिवाळीत सोसायटीच्या खाली किल्ला कोण करतं? पोरं माती आणतात आणि मग दुसऱ्या दिवशी बघावं तर सगळे बाप, काका, एखादे रिटायर्ड आजोबा गुडघ्यावर बसून "अरे तो बुरूज तिकडे नाही, मी गेलोय तिथे" करत असतात, पोरं बाजूला. बक्षीसं लावतात, परीक्षक येतात. ऐन चाळिशीतला इंजिनिअर हळीव पेरून त्याला रोज पाणी शिंपडतो आणि कोणी हसत नाही. गोणपाटावर चिखल थापलेला चालतो आणि स्नॉट लावून केलेला बुरूज म्हणजे पोरकटपणा? आणि तो किल्ला कोणी सीलबंद ठेवत नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत त्याची माती झालेली असते, पुढच्या वर्षी नवीन.

म्हणून माझी सरळ मागणी अशी आहे. येत्या दिवाळीला आपण राजगड बांधू. ब्रिकमधे. प्रत्येकाने एक खोकं फोडायचं, एकच, बाकीची राहू दे तुमच्या माळ्यावर, मी बघायला येणार नाही. जुना कॅफे कॉर्नर कोणाकडे सील असेल तर तो आणू नका, माझाही हात धजणार नाही. पण ज्याच्या तीन कॉप्या आहेत त्यातली एक.

मी थोडा विचार करून ठेवलाय. एक स्टड म्हणजे दहा मीटर धरलं तर नुसती संजीवनी माची, जी साधारण अडीच किलोमीटर लांब आहे, ती दोन मीटर होते. सुवेळा तिच्याहून छोटी, पद्मावती रुंद, मधे बालेकिल्ला. टेबल मोठं लागेल पण हॉलमधे मावतं. बत्तीस बाय बत्तीसची बेसप्लेट साडेपंचवीस सेंटिमीटरला जरा जास्त भरते, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या घरी आपल्या वाटच्या बेसप्लेटवर काम करायचं आणि मग आणून जोडायचं, कडांची उंची आधी ठरवून घेऊ. या स्केलला संजीवनीची ती दुहेरी चिलखती तटबंदी दिसणार नाही, आणि ती नाही दाखवली तर राजगड कशाला करायचा, म्हणून तिचा एक भाग बाजूला वेगळा, मोठ्या स्केलला, मिनिफिग, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, आत चालू शकेल असा. दोन भिंतींमधली ती चिंचोळी वाट, खाली उतरणाऱ्या पायऱ्या, ब्रॅकेटांची खरी गरज तिथे आहे. सुवेळा माचीचं नेढं मात्र छोट्या स्केलला फुकटात होतं, टेक्निक ब्रिकचं भोक आहे ना, तेच, आरपार उजेड दिसतो. पद्मावती तलावाला ट्रान्सपरंट निळ्या एक बाय एकच्या प्लेट. दिवाळीत सह्याद्री पावसाळ्यासारखा हिरवागार नसतो, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, त्यामुळे ब्राइट ग्रीन अजिबात नको, ऑलिव्ह ग्रीन, डार्क टॅन, थोडा सँड ग्रीन.

आणि कातळाला ग्रे. डार्क ब्लुइश ग्रे. २००४ च्या आसपास कंपनीने जुना ग्रे बदलून हा निळसर ग्रे आणला तेव्हा जगभरच्या लेगोवाल्यांनी आकांडतांडव केलं होतं, रंग जुळत नाही म्हणून, अजून काही जण रुसलेले आहेत, पण आपल्या बेसाल्टला तो असा काही जुळतो की मला वाटतं हा एकच देश आहे जिथे त्या निर्णयाचे आभार मानावेत. लायन नाइट्स कॅसल कोणाकडे पडलाय? ४,५१४ तुकडे, तटबंदीला तो सोन्यासारखा आहे. फाल्कनवाल्यांनी तर काही बोलूच नये, त्यांच्याकडे ग्रेची खाण आहे, एक फाल्कन फुटला की बालेकिल्ल्याचा प्रश्न मिटला. कलोसियमवाल्यांचा टॅन खालच्या उतारांना. टायटॅनिकवाले, तुमचं काय करायचं ते बघू.

पार्ट परत मिळतील का? मिळतील. ज्याचं खोकं त्याच्या सेटची इन्व्हेंटरी आधी प्रिंट करून, कोणी किती काय दिलं ते शीटमधे. परत देताना तोच तुकडा मिळेल असं नाही, तोच पार्ट त्याच रंगात मिळेल, आणि ब्रिकच्या बाबतीत त्याने काही फरक पडत नाही. सूचना-पुस्तक आणि रिकामं खोकं घरीच सपाट करून ठेवा, वापरलेला पण पूर्ण सेट म्हणून उद्या विकायला काढलात तर त्याचे पैसे मिळतात. दिवाळीनंतर ज्याला सगळं परत न्यायचंय त्याने न्यावं, ज्याला ठेवायचंय त्याने ग्रुपच्या सामायिक डब्यात ठेवावं, तिथून पुढच्या वेळेला कोणालाही काढता येईल. हा डबा झाला ना, तर आपल्याला पोलंडच्या गॅरेजची वाट बघायला नको.

कळावे, लोभ असावा, आणि कटर घेऊन या.

तुमच्यातलाच एक,
पुणे

ता.क. डार्क रेड आणि रेडिश ब्राऊन जुने पार्ट कृपया आणू नका, कोणीतरी जांभ्या दगडाचा सिंधुदुर्गातला किल्ला करू म्हणेल आणि अर्धी तटबंदी बसवतानाच फुटेल. पाली दरवाज्याच्या फळ्यांपुरते ब्राऊन लागतील, ते गेल्या दोन-तीन वर्षांतल्या सेटमधलेच द्या. आणि एक बाय दोनचे ब्रॅकेट कोणाकडे किती आहेत ते रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, त्याशिवाय संजीवनीचं ड्रॉइंग पुढे जात नाहीये.